आयरिसचं घराणं

गुलाबाची कुंडी कवेत धरून परिचारिकेच्या हातांना रग लागली होती, पण रोपवाटिकेच्या रांगेत तिच्या पुढचं जोडपं काही हलेना.

"या आयरिसच्या रोपाची आई कुठली?" जोडप्यातल्या बाईंनी माळ्याला विचारलं.

"थंड डोंगरावरची."

"मग नकोच. आमच्याकडे हवा दमट. हिच्या तीन सख्ख्या बहिणी आमच्या अंगणात कुजून गेल्या."

"पण हिचा बाप वेगळा, बाई. वाळवंटातला. उन्हाला भीत नाही."

"उन्हाचं सोडा. ओल सोसेल?"

"नाही सोसणार. पण तुमचं घर मागच्याच गल्लीत ना? इथे कुठली आलीय एवढी ओल? पाणी कोण घालतं?"

"हे घालतात. सकाळ-संध्याकाळ."

"दुपारीही," नवरा अभिमानाने म्हणाला. "बिचाऱ्या कोमेजलेल्या दिसतात."

माळी ती कुंडी आत ठेवून दुसरी घेऊन आला.

"ही न्या. आई दलदलीतली, बापही दलदलीतला."

"आणि आमची हवा मानवेल हिला?"

"हवेचं राहू द्या, बाई. ही यांच्या हातून वाचेल."

"आजी-आजोबा?"

"चिखलातलेच."

"मग दोन द्या," नवरा खुलला, "आणि याहून मोठी झारी आहे का हो?"