गुहेपाशी रचलेले दगड

फुजैराहून शारजाला परतणाऱ्या बसमध्ये अपर्णाच्या मागच्या सीटवर डोंगरवाटा दुरुस्त करणारे दोन मजूर बसले होते.

"भिवा, तांब्याच्या जुन्या खाणीच्या वाटेवर, गुहेपाशी दगडांची रास तूच रचलीस ना?"

"हो. आपल्या खिंडीतल्या देवाला वाहतो तसा जाता-येता एकेक दगड ठेवायचो. का?"

"इथं दगडांची रास म्हणजे वाटेची खूण. परवा एक म्हातारा एकटाच चढायला आला, रास बघून गुहेकडं वळला नि वाट चुकला."

"सापडला ना?"

"आज सकाळी. पाणी संपलेलं. खलास."

अपर्णानं मान वळवली नाही.

"रामेश्वर, माझं नाव घेतलंस?"

"नाही. पण रास मोडायला उद्या आपल्यालाच पाठवतायत."

"देवाला तसंच कसं हलवायचं? नारळ घ्यायला लागेल."