पूजेला बसलेला राउटर

आधीच सांगते, त्या दिवशी इंटरनेट बंद पाडले ते मीच, आणि तेही सोवळ्यात. खंडेनवमीला कात्री, विळी, मिक्सर यांच्या पंक्तीत मी राउटरही देवघरात मांडला. बंगळुरात, बसवनगुडीच्या आमच्या घरात सर्वाधिक राबतो तोच!

अकरा वाजता सूनबाईची ऑनलाइन मुलाखत होती. पावणेअकराला मुलगा वायर तपासायला गच्चीवर धावला. आमचेच इंटरनेट वापरणाऱ्या शेजारच्या लक्ष्मीअक्काही आल्या. सूनबाई तक्रार केंद्राला फोनवर सांगत होती, "बंद करून पुन्हा सुरू करीन हो, पण राउटर सापडायला तर हवा!"

"देवघरात आहे," मी म्हटले. "मात्र पूजेतले उपकरण दसऱ्यापर्यंत वापरायचे नसते."

"आई, हातची नोकरी जाईल!"

मी शाळेत शिकवायचे म्हणून मला टीचरम्मा म्हणणाऱ्या अक्का खो खो हसत सुटल्या. "टीचरम्मा, देवी स्वल्प अ‍ॅडजस्ट करेल!"

मी देवीची क्षमा मागितली आणि हळदकुंकवासकट राउटर जागेवर जोडला. अकराला एक मिनिट कमी असताना इंटरनेट आले.

यापुढे राउटरची पूजा तो चालू असताना, जागेवरच करायची असे ठरले. सूनबाई, अक्का आणि मी, तिघींचे एकमत झाले. मुलाचे मत घ्यायचे राहिले. तो गच्चीवर वायरच तपासत होता.