स्थळपाहणी

अर्ज लिहायचा म्हटलं की मला अजून थकवा येतो. पारोळ्यात होतो तेव्हाची गोष्ट. नोकरी लागत नव्हती, निदान कोंबड्या पाळू म्हटलं. धुळ्याला कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण असायचं, त्याची माहिती मागवायची होती. शेजारचे नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पत्र त्यांनीच सांगितलं. शेवटी म्हणाले, “लिही, साहेबांनी स्थळपाहणी करावी.”

“नाना, मला नुसती माहिती हवी आहे.”

“हाई वाक्य लागसच. त्यानाबिगर अर्ज व्हत नही.”

पावसाळा उलटल्यावर धुळ्याहून साहेब खरंच आले. चहा घेतला, अंगण पाहिलं आणि लिहिलं, ‘कोंबड्या आढळल्या नाहीत.’ साक्षीदार म्हणून नानांनी सही केली.

मी विचारलं, “साहेब, प्रशिक्षण कधी आहे?”

“त्यासाठी वेगळा अर्ज करा.”

नानांनी तोवर पेनाचं टोपण काढलं होतं.