गवताचा तुकडा

नव्याण्णव साली अबुधाबीत ट्रॅव्हल एजंटकडे मुंबईच्या तिकिटासाठी ताटकळलेल्या शुभ्राचे कान शेजारच्या वयस्कर जोडप्याकडे लागले.

"अहो, सायप्रसला गोल्फ खेळायला जाताना हा प्लास्टिकच्या गवताचा तुकडा कशाला?"

"रुवैसच्या वाळूत पंधरा वर्षं चेंडूखाली हाच अंथरला ना?"

"तिथे खरंखुरं गवत आहे. सगळीकडे!"

"तेच तर. इथे हा तुकडा घेऊन माझ्यापुढे कोण चालायचं?"

"मीच. भर उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून."

"आणि अंथरून काय म्हणायचीस?"

"'यल्ला, मारा एकदाचा!'"

"तिथे तुला कामच नाही. तू हॉटेलात बसशील, मी एकटाच फिरेन."

एजंटने दोनदा नाव पुकारलं, तरी शुभ्रा उठली नाही.

"अहो, आणा तो इकडे. माझ्या बॅगेत ठेवते."