लि हुआला कानबाईचं आमंत्रण

धुळ्याच्या बस स्थानकात मी दोंडाईच्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर दिपमाला तिच्या आजोबांना इंग्रजी उत्तरं म्हणून दाखवत होती. दुपारी कॉलेजात तिची तोंडी परीक्षा होती.

“हाई लि हुआ कोन शे?”

“मीच, नाना. चीनमधल्या शाळांचे सराव प्रश्न मोबाइलवर फुकट मिळाले. त्यांत दर वेळी आपण लि हुआ असतो.”

“म्हनजे दोन महिनापासून तू चीननी शेस?”

“उत्तरं तयार मिळतात ना. परदेशी मैत्रिणीला आपल्या सणाला बोलवा, हा प्रश्न येणारच.”

“मंग काय सांगशी, माय?”

“नव्या वर्षाला आम्ही घरचे सगळे बसून मोदकासारखं काहीतरी उकडतो.”

“आपन कवय उकडस?”

“कधीच नाही, तेच तर. मॅडम विचारतील, हे धुळ्यात कुठे करतात? मग मार्क गेले.”

“कानबाईनं सांग. रोट सांग.”

“कानबाईच्या सणाला नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, नाना. बाहेरच्या मुलीला बोलवू कशी?”

“हाई बी खरं शे.”

“मग मी काय सांगू?”

“परदेशी कोनी बी चाली?”

“चालेल.”

“मंग लि हुआलेच बलाव.”

“ती तरी घरची कुठे आहे?”

“तू दोन महिना तिनं नाव लावीसन मना घरमा जेवनी. आते ती परकी कशी?”

दिपमालाने मोबाइल बाकावर पालथा ठेवला. मग अडखळत ती इंग्रजीत बोलू लागली.

“प्रिय लि हुआ, श्रावणात कानबाईला आमच्या घरी ये. दारात कुणी अडवलं, तर नाव दिपमाला सांग.”