आवाज न करणारा कॅमेरा

पुसदच्या फोटो स्टुडिओत माझा नंबर यायची वाट पाहत मी बाकावर बसलो होतो. समोर एक तरुण आपला पहिला कॅमेरा निवडत होता. सोबत त्याची मावशी होती. दुकानदार त्याला कॅमेरे दाखवत होता.

"श्रावणभाऊ, हा रेंजफाइंडरच घ्या. जुना हाय, पण काच साफ. आत माणूस दोन-दोन दिसते. हे कडं फिरवून दोघाचा एक केला, की दाबा."

"अन् खटका?"

"कानाशी धरला तरच आयकू येते. रस्त्यावरच्या माणसाले पत्ताच लागत नाही."

"थेच पायजे मले. डब्बा कॅमेरा काढला, की लोक पुतळ्यावानी उभे राह्यतेत. बाजाराच्या दिवशी हाच नेलता न मी वापरून पाह्याले, त्याचे फोटो झाले काय?"

"हे घ्या. कापसाच्या जिनिंगपुढचा तं एक नंबर! दुकानाच्या काचेत लावतो म्हणलं."

"पाह्य मावशी! बाई गाडीतून सांडलेला कापूस येचून राह्यली. तोंड नाही दिसत, पण वाकली कशी पाह्य."

"पाह्यलं."

"आवडला नाही काय?"

"लुगडं माह्यं हाय, श्रावण."

"मावशी, मले खरंच... पाठमोरी होती तू. मी वळखलंच नाही."

"एक हाक मारली असती, तं कापूस टाकून देल्ला असता मी. पदर तरी सावरला असता."

"फाडतो मी हा."

"फाडून काय होते आता? दुकानदारभाऊ, याले दुसरा दाखवा. ज्याचा आवाज रस्त्याच्या पल्याड आयकू जाते, थो."