कानशीचं टोक

अहो नाही, तसलं काही नाही मॅडम — जुना व्रण आहे तो, गाऊनची नाडी बांधायला तुम्ही मदत केलीत म्हणून नजर गेली तुमची, नाहीतर मला तरी कुठं आठवतो. चला, घ्या आत. — काय झालं? थांबलात का? फॉर्मवर लिहिलंय ना सगळं — पेसमेकर नाही, हाडात सळई नाही, कवळी काढून बायकोच्या हातात दिली. फॉर्म तिनंच भरलाय, दुर्गानं, बाहेर बसलीय ती, निळ्या पातळातली. सगळ्या रकान्यांत नाही, नाही, नाही — अक्षर चांगलं आहे तिचं. — हो, कळलं मला, हे एमआरआयचं मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, दारावर पाटी आहे, वाचली मी. — अंगातलं लोखंडसुद्धा ओढतो? आतल्या आत? … बरं. मग एक सांगतो. पण ते दार लोटा जरा.

आहे लोखंड. थोडंसं. कमरेच्या हाडात, डाव्या बाजूला. गिरणीत लागलं हो, कामावर असताना — गिरणीत काय, कुणाचं बोट जायचं, कुणाचा डोळा जायचा, माझं एवढ्यावर निभावलं. मी फोल्डिंगला होतो, कापड बघायला. ठाण टेबलावरून ओढायचं, मागून उजेड, आणि तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण दिसली की खडूनं खूण करायची. म्हणून त्या डॉक्टरीण बाईंनी समजावलं तेव्हा मला पटकन कळलं — की सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसलीय, लिंबाएवढी, पण कसली ते त्यात समजत नाही, ह्या मशीनमध्ये मांस वेगळं दिसतं, चरबी वेगळी, पाणी वेगळं. आणि शिरेतून औषध सोडलं की नुसत्या रक्तवाहिन्यांचा गुंता असेल तर ते कडेकडेनं सावकाश भरत जातं आणि आत मुरून राहतं, वाईट असेल तर झटकन भरतं नि झटकन धुऊन जातं. बरोबर ना? सुई घालून तुकडा काढावा तर तो रक्तवाहिन्यांचा गुंता असला तर रक्त थांबायचं नाही. सीटीच्या औषधानं मागं अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. म्हणजे हेच एक दार राहिलं ना मला? मग घ्या की आत. बत्तीस वर्षं हललं नाही ते, आता वीस मिनिटांत काय हलणार आहे?

— कसला तुकडा म्हणजे? लोखंडाचा. — कानशीचा. कानस माहितीय ना, फिटर लोक घासायला वापरतात ती. — फोल्डिंगला कानस कुठनं येणार? आता — असते हो, मशीन दुरुस्त करायला कुणी येतं, राहते पडून. — साल? साल त्र्याऐंशी. फेब्रुवारी. — काय? तुमचे वडील पण गिरणीत? कुठल्या? असं होय. मग तुम्हाला ठाऊकच असणार. … हो. संप होता. बरोबर. वर्ष उलटून गेलं होतं संपाला, त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत कामावर असताना कसं लागेल, असंच विचारताय ना? लागतं. कामावर गेलेल्यालाच लागतं.

अकरा दिवस गेलो मी. आता बोललोच आहे तर — अकरा दिवस. मागच्या गल्लीतून, सकाळच्या पाळीला, तोंडाला टॉवेल गुंडाळून. घरी सांगायचो, युनियनच्या कामाला जातो. लोक उपाशी होते हो, भांडीकुंडी विकली लोकांनी, माझी पोरं लहान — नाही. हे खोटं बोलतोय मी तुमच्याशी. तांदूळ होता घरात. दुर्गाच्या माहेरून दर दोन महिन्यांनी गोणी यायची एसटीनं. उपाशी नव्हतो आम्ही. मी गेलो कारण मला कळून चुकलं होतं की संप बुडतोय, आणि मुकादम म्हणाला होता, पहिले येतील ते राहतील, बाकीच्यांना गेट दिसायचं नाही. मला राहायचं होतं. बस, एवढंच. दुसरं कारणच नव्हतं.

बाराव्या दिवशी संपवाले चौघं आडवे आले. मारायचं म्हणून मारत होते, कुणाला ते बघत नव्हते, मीही खाली मान घालून पळत होतो — आणि कमरेत काहीतरी गेलं. दुखलं नाही हो आधी. आवाज आला. कानस कडक असते, ती वाकत नाही, मोडते, तसा कट्‌कन आवाज हाडातनं वर कानापर्यंत आला. पडलो मी. टॉवेल सुटला. आणि तो माझ्यावर वाकलेला, हातात अर्धी कानस, आणि म्हणाला, ‘भावोजी?’

— कोण म्हणजे? भावोजी कोण म्हणतं मॅडम? बायकोचा भाऊ म्हणतो.

हे मी सांगणार नव्हतो तुम्हाला. हे लिहू नका. — धोंडू त्याचं नाव. आमच्याच गिरणीत फिटर होता, वर्कशॉपला. बाकीचे पळाले, त्यानं मला पाठीवर घेतलं, लालबागला एका डॉक्टरकडे नेलं, त्यानं वरवर शिवलं, म्हणाला, टोक हाडात रुतलंय, काढायला गेलो तर पाय जाईल, राहू दे. आणि दुर्गाला काय सांगायचं ते धोंडूनंच ठरवलं. म्हणाला, भावोजी मोर्चात होते, लाठीमारात सापडले. ती बिचारी रडली, मग — मग तिला अभिमान वाटायला लागला हो. चाळीत सांगायची, आमच्या ह्यांनी संपात मार खाल्ला. अजून सांगते. नातवाच्या शाळेत जुन्या गिरणगावावर काहीतरी होतं, तिथं मला नेऊन बसवलं, बाईंनी शाल घातली माझ्या अंगावर. धोंडू शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. काय करणार तो तरी?

मी राहिलो गिरणीत. आणखी नऊ वर्षं, मग तीही बंदच झाली. धोंडूला कुणी घेतलं नाही, स्टो दुरुस्त केले त्यानं, शिलाई मशीन दुरुस्त केली, लग्नच केलं नाही. त्या दिवसापासून आजतागायत एक अक्षर बोललो नाही आम्ही ह्यावर. आणि एक दिवस सोडला नाही त्यानं मला. दवाखाना असो, बँक असो, कुणाच्या मयताला जायचं असो — मी चपला घालतो तोवर हा जिन्यात हजर. एक पाऊल मागनं चालतो, माझ्या कमरेकडे बघत. मी जरा लंगडलो की ह्याचा चेहरा पांढरा. कधी वाटतं ओरडावं, अरे जा ना, जग की कुठंतरी! पण तो तोंड उघडेल म्हणून मी गप्प, मी उघडेन म्हणून तो गप्प, आणि मधे ती बाई दोघांना गरम भाकरी वाढतेय. आताही बाहेर बसलाय, तिच्या शेजारी. माझी कवळी बहुतेक त्याच्याच हातात दिली असेल तिनं.

— एक्स-रे? काढा. ते तरी बघू द्या मला.

*

आलात? बसतो, बसतो इथंच. दिसलं ना? — एवढंसंच? दोन सेंटीमीटर? मला तर बोटाएवढं वाटत आलं इतकी वर्षं. — सभोवती हाड भरून आलंय, हां. म्हणजे हलणार नाही. — मोठे डॉक्टर घ्या म्हणाले? खरंच? गाठीपासून लांब आहे म्हणून फोटोला पण धक्का नाही — बरं. जागा गरम झाली किंवा ओढल्यासारखं वाटलं की हा रबरी फुगा दाबायचा, लगेच बाहेर काढाल. कळलं. चला मग. — आणखी काय? फॉर्म नवीन? काय आहे, कसं लागलं, साल, सगळं लिहून? तुम्ही लिहिलंत तसं? — आणि खाली नातेवाइकाची सही. माझी एकट्याची नाही चालत? मी शुद्धीत आहे हो, माझं हाड आहे. — दुर्गाला नका बोलवू. हात जोडतो. फाडून टाका, नका घेऊ फोटो, असेल ती गाठ असू दे —

नाही, थांबा. त्या शेजारच्या माणसाला बोलवा. पांढरा शर्ट, टोपी. म्हणावं, भावोजींनी बोलावलंय. एकट्याला.

… ये धोंडू. बस हयसर. काय नाय, घाबरू नको, सही करूची हा फक्त, ह्या मॅडम मागतत. — तसा नाय. आधी वाच, मगे कर. — चष्मो खंय तुझो? ऱ्हवलो घराक? बरां. आण हकडे, मी वाचतंय, तू आयक. — ‘रुग्णाच्या डाव्या कमरेच्या हाडात… कानशीचं तुटलेलं टोक, दोन सेंटीमीटर. साल एकोणीसशे त्र्याऐंशी. संपकाळात कामावर जाताना… जवळच्या नातेवाइकाच्या हातून…’

धोंडू. खाली नको बघू. माझ्याकडे बघ.

… काय म्हणलंस? परत बोल. — दुर्गाक? नाय. तिका मी सांगूक नाय अजून.

मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा.